आजीचे दात

आजीच्या खाटेखाली एक छोटा पितळी खलबत्ता असायचा. दुपारची जेवणं झाली की त्यात पान, चुना, कात आणि सुपारी टाकून ते सगळं लिबलिबीत होईपर्यंत कुटायचं आणि तो गोळा आजीच्या तळहातावर ठेवायचा, हे सुट्टीत साताऱ्याला गेलेल्या नातवंडांचं काम. आजीला दात नव्हते. आज्यांना दात नसतातच अशी माझी समजूत होती, त्यामुळे त्यात विचारण्यासारखं काही आहे असं कधी वाटलंच नाही. तिचं बोळकं, हसताना तोंडावर धरलेला पदर, आमटीत कुस्करलेली भाकरी, हे सगळं म्हणजेच आजी.

ती गेली १९९६ साली. तिचे दात म्हातारपणामुळे पडलेले नव्हते, हे मला कळलं २०१४ साली, एका डेंटिस्टच्या खुर्चीशेजारी उभं असताना.

झालं असं, की आईच्या हृदयाची मायट्रल झडप बदलायचं ठरलं. लहानपणी आलेल्या ऱ्हुमॅटिक तापाने ती झडप खराब करून ठेवली होती, आणि इतकी वर्षं दम लागला की "वय झालं आता" म्हणून ती वेळ मारून नेत होती. ऑपरेशनच्या आधी करायच्या तपासण्यांची ही भलीमोठी यादी हातात आली. त्यात सगळ्यात खाली होतं 'डेंटल फिटनेस'. मला वाटलं, असेल काहीतरी सही-शिक्क्याचं काम. पण डेंटिस्टने (माझ्याहून बरीच लहान मुलगी होती) एक्सरे काढला, हिरड्या टोचून पाहिल्या आणि म्हणाली, "काकू, मागच्या दोन दाढांच्या मुळाशी पू आहे. त्या काढाव्या लागतील. आणि हिरड्यांची नीट सफाई करावी लागेल. मग मी सर्टिफिकेट देते."

आई खुर्चीतून उठून बसली.

"माझ्या आईचे असेच सगळे दात काढले होते. सत्तावीस. गुडघे बरे होतील म्हणून. गुडघे जन्मभर तसेच राहिले आणि बाईला छत्तिसाव्या वर्षी म्हातारी करून ठेवली. मला नाही काढायच्या."

आणि चप्पल घालून ती बाहेर जाऊन उभी राहिली.

रिक्षात मग सगळी हकीकत निघाली. १९५५ साल. आई सात वर्षांची. आजीचे हात सुजायचे, बोटं वाकडी होत चालली होती, सकाळी पोळ्या लाटता यायच्या नाहीत. गावातल्या एका नामांकित डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की सांध्यांत जे विष उतरतंय त्याचं मूळ तोंडात आहे. मग तीन गुरुवारी तीन खेपांत सगळे दात निघाले, चांगलेसुद्धा. आईला आठवते ती चिनी मातीची बशी, आणि घरी परतताना आजीने टांग्यात तोंडाला लावून धरलेला पंचा. (माझी मावशी हे वाचेल तेव्हा म्हणेल की टांगा नव्हता, चालत आलो होतो. या मुद्द्यावर दोघी बहिणींचं कधीच एकमत झालेलं नाही.) कवळी केली नाही. परवडली नसेल, किंवा त्या काळी बायकांसाठी कोण करतंय.

त्या रात्री मला झोप लागेना. एकीकडे ऑपरेशनची तारीख जवळ येत होती आणि दुसरीकडे आईचा प्रश्न बिनतोड होता. तिच्या आईला सांगितलं होतं तेच साठ वर्षांनी तिलाही सांगत होते, फक्त गुडघ्याच्या जागी हृदय आलं होतं. तेव्हाचं खोटं आणि आत्ताचं खरं, हे तिने कशावरून मानायचं? मी तरी कशावरून मानायचं? म्हणून वाचायला घेतलं. तेव्हा सुरू झालेलं ते वाचन आजपर्यंत अधूनमधून चालूच आहे.

आपण म्हणतो 'दात किडला', 'दाताला कीड लागली'. ही नुसती बोलायची पद्धत नाही. दातात खरोखरचा किडा असतो आणि तो दात पोखरतो, अशी समजूत बॅबिलोनपासून युरोपपर्यंत सगळीकडे होती. आपल्या सुश्रुतसंहितेतही दाताच्या एका रोगाचं नाव कृमिदन्तक असंच आहे. तो किडा कोणाला दिसला मात्र नव्हता.

दिसलं ते वेगळंच, आणि दिसलं एका कापडवाल्याला. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा अंतोनी फान लेवेनहुक. कॉलेज नाही, लॅटिन नाही. घरी बसून भिंगं घासायची आणि त्यातून जे हाती लागेल ते बघायचं, हा त्याचा छंद. १७ सप्टेंबर १६८३ रोजी त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला एक पत्र लिहिलं. त्यात तो आधी सांगतो, की मी रोज सकाळी मिठाने दात घासतो, दातकोरण्याने कोरतो, फडक्याने पुसतो, आणि माझ्या वयाच्या मानाने माझे दात चांगलेच आहेत. (पन्नाशीचा होता. हा आत्मविश्वास मला फार आवडतो.) तरीही दातांच्या फटीत पिठासारखं पांढरं काहीतरी साचतंच. ते पाण्यात कालवून त्याने भिंगाखाली धरलं तर त्यात असंख्य चिमुकले जीव! काही सुळकन पुढे जाणारे, काही भोवऱ्यासारखे गरगरणारे. मग हा गृहस्थ इतरांची तोंडं धुंडाळत सुटला. दोन बायका, एक आठ वर्षांचं पोर, आणि जन्मात कधी तोंड न धुतलेला एक म्हातारा. एका माणसाच्या तोंडात एखाद्या राज्यातल्या लोकसंख्येपेक्षा जास्त जीव नांदत असतील, असा हिशेबही त्याने मांडला.

हे जीव काही करतात का, ते मात्र त्याने विचारलं नाही. पुढची दोनशे वर्षं त्याकडे फारसं कोणी वळलंही नाही.

तो प्रश्न हातात घेतला विलोबी मिलर नावाच्या अमेरिकन डेंटिस्टने. जन्म ओहायोचा, १८५३ चा, पण सगळं मोठं काम बर्लिनमध्ये. रॉबर्ट कॉख त्याच शहरात एकेका रोगाचा जंतू शोधून काढत होता त्या दिवसांत. मिलरचा प्रयोग आपल्या स्वयंपाकघरात बसून समजेल असा आहे. काढलेले दात घ्यायचे, लाळेत बुडवायचे, त्यात पाव घालायचा आणि ते अंगाच्या उबेत ठेवून द्यायचं. दाताचा चुना हळूहळू विरघळतो. पावाऐवजी मांस घातलं तर विरघळत नाही. आणि लाळ आधी उकळून घेतली तर पाव घालूनही काही होत नाही. म्हणजे दात पोखरणारा किडा कोणी नाहीच. तोंडातले जंतू पिठूळ आणि गोड पदार्थ आंबवतात, त्यातून आम्ल तयार होतं आणि ते आम्ल दात खातं. इडलीचं पीठ आंबतं तसंच हे, फक्त भांडं आपलं तोंड. १८९० साली इंग्रजीत निघालेल्या त्याच्या पुस्तकातलं हे म्हणणं, थोडीफार भर घालून, आजही टिकून आहे.

पण १८९१ मध्ये मिलरने आणखी एक लेख लिहिला. तोंड हे जंतूंचं माहेरघर आहे आणि तिथून ते शरीरात इतरत्र जाऊन रोग करू शकतात, असा त्याचा आशय. त्यात चुकीचं काही नव्हतं. त्याने सरसकट दात काढा असंही म्हटलं नव्हतं. पण आजीच्या बशीपर्यंत जाणारी वाट इथून सुरू होते.

ती पुढे नेली लंडनच्या विल्यम हंटरने. हा चेरिंग क्रॉस हॉस्पिटलमधला फिजिशियन. एका जीवघेण्या पंडुरोगाचा, म्हणजे पर्निशियस ॲनिमियाचा, तो अभ्यास करत होता. त्याच्या लक्षात आलं की या रोग्यांची जीभ लाल, गुळगुळीत आणि दुखरी असते. त्याने निष्कर्ष काढला की तोंडातली घाण पोटात जाते आणि त्यातून हा रोग होतो. १९०० साली त्याने तोंडातल्या सेप्सिसवर लेख लिहिला आणि १९१० मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात भाषण ठोकलं. अमेरिकन डेंटिस्टांच्या सोन्याच्या कॅपा आणि ब्रिज म्हणजे खाली कुजत असलेल्या मुळांवर उभ्या केलेल्या सुवर्णसमाध्या आहेत, असा एकूण सूर होता. भाषण गाजलं.

यातली गोम अशी. १९२६ मध्ये बॉस्टनच्या मायनॉट आणि मर्फी यांनी याच पंडुरोगाचे रोगी भरपूर लिव्हर खायला घालून बरे केले. मूळ कारण बी-१२ जीवनसत्त्वाचा अभाव होता, हे त्यानंतर कळलं. १९४८ मध्ये बी-१२ वेगळंही काढता आलं. ती लाल जीभ रोगाचं कारण नव्हतीच, रोगाचा परिणाम होती. हंटरने बघितलं ते बरोबर बघितलं होतं, फक्त घोडा कुठे आणि गाडी कुठे यात गफलत झाली. वैद्यकात आजही तशा जिभेला हंटरचं नाव आहे. चुकीला इतका कायमचा पत्ता क्वचितच मिळत असेल.

अमेरिकेत ही कल्पना वणव्यासारखी पसरली. शिकागोच्या फ्रँक बिलिंग्जने तिला 'फोकल इन्फेक्शन' या नावाने प्रतिष्ठा दिली. दात आणि टॉन्सिल ही जंतूंची अड्ड्याची ठिकाणं, आणि संधिवात, मूत्रपिंडाचे विकार, हृदयविकार हे सगळे त्या अड्ड्यांचे उद्योग. त्याचा शिष्य रोझनाऊ सशांना भरमसाट जंतू टोचून ते सिद्धही करून दाखवत होता. एवढे जंतू टोचल्यावर सशाला काही ना काही व्हायचंच की! पण हे लक्षात यायला वेळ लागला. तोवर लाखो दात कचऱ्यात गेले.

इथे मला हेन्री कॉटनबद्दल सांगायलाच हवं. आजीच्या डॉक्टरांशी त्याचा काही संबंध नाही. पण त्याची गोष्ट वाचल्यावर मला दोन दिवस जेवण गोड लागलं नव्हतं.

कॉटन १९०७ पासून न्यू जर्सीतल्या ट्रेन्टन इथल्या सरकारी मनोरुग्णालयाचा प्रमुख होता. आल्या आल्या त्याने रुग्णांना बांधून ठेवायची साधनं काढून टाकली. म्हणजे माणूस राक्षस नव्हता, उलट सुधारक होता. १९१३ मध्ये नोगुची आणि मूर या संशोधकांनी एका प्रकारच्या वेडाच्या रुग्णांच्या मेंदूत सिफिलिसचे जंतू दाखवून दिले होते. म्हणजे जंतूंनी वेड लागतं हे त्या एका बाबतीत तरी खरं ठरलं होतं. कॉटनने पुढची उडी मारली, की सगळंच वेड असं असणार. मग सुरू झालं दात काढणं. दात काढून गुण आला नाही तर टॉन्सिल. तरीही नाही आला तर मोठ्या आतड्याचा तुकडा. तेव्हा पेनिसिलीन नव्हतं. आतड्याच्या ऑपरेशनात सुमारे ३० टक्के रुग्ण दगावतात, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय, आणि त्याच दमात ८५ टक्के रुग्ण बरे होतात असंही. येल विद्यापीठातल्या आयर्विंग फिशर या नामवंत अर्थशास्त्रज्ञाने आपली मुलगी मार्गारेट त्याच्या हवाली केली. शस्त्रक्रियांनंतर जंतुसंसर्ग होऊन ती १९१९ मध्ये गेली. बापाचा विश्वास तरीही उडाला नाही.

कॉटनने स्वतःच्या बायकोचे आणि दोन्ही मुलांचे दातही काढून टाकले, पुढे रोग नको म्हणून. १९२५ मध्ये त्याची चौकशी सुरू असताना त्याचंच मानसिक संतुलन ढळलं. तेव्हा त्याने आपल्या तोंडातले काही दात काढून घेतले आणि मी बरा झालो असं जाहीर केलं. हे मी दोनदा वाचलं. ढोंगी माणूस असं करत नाही. त्याचा खरोखर विश्वास होता, आणि तेच जास्त भयंकर आहे.

फिलिस ग्रीनेकर नावाच्या तरुण मानसोपचारतज्ज्ञ बाईंना त्याचे निकाल तपासायला पाठवलं होतं. त्यांनी जे कोणीच केलं नव्हतं ते केलं. एकेका रुग्णाचा पुढे काय झालं याचा माग काढला आणि मोजलं. निष्कर्ष असा, की जितके जास्त उपचार तितकी जास्त वाताहत. दात काढून कवळी न दिलेले रुग्ण त्यांना वॉर्डात भेटले. नीट बोलता येत नव्हतं, खाता येत नव्हतं. तो अहवाल कॉटनच्या गुरूने, जॉन्स हॉपकिन्सच्या ॲडॉल्फ मायरने, दाबून ठेवला. कॉटन १९३३ मध्ये वारला तोपर्यंत तो छापला गेला नाही.

शेवटी संधिवाताच्या बाबतीतही कोणीतरी मोजलंच. न्यूयॉर्कचा रसेल सेसिल आधी याच मताचा होता. १९३८ मध्ये त्याने आणि अँजेव्हाइनने संधिवाताच्या २०० रुग्णांचा आढावा छापला. दात-टॉन्सिल काढून रोग हटतो याला आधार सापडत नाही, असं त्यात निघालं. स्वतःचंच म्हणणं असं जाहीरपणे मोडीत काढायला काय लागत असेल, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

१९३८! आजीच्या दातांच्या सतरा वर्षं आधी. हे वाचलं त्या रात्री मी खरंच चिडले होते. आता इतकी चिडत नाही. आजीचे डॉक्टर त्यांच्या उमेदीच्या वर्षांत, हंटरच्या देशातून आलेली पुस्तकं वाचून शिकलेले. एखादी गोष्ट पुस्तकात घुसायला दहा वर्षं लागतात, आणि बाहेर पडायला एक पिढी. त्यांनी फी सुद्धा पुरती घेतली नव्हती म्हणे.

पण मग आईची दाढ? तीही याच माळेतली का?

तर नाही. ते कसं, ते समजायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. १९३५ मध्ये लंडनमध्येच ओकेल आणि इलियट या दोघांनी एक साधी गोष्ट केली. दात काढल्यावर लगेच रुग्णाच्या दंडातलं रक्त घेतलं आणि त्यात जंतू वाढतात का ते पाहिलं. निम्म्याहून जास्त लोकांच्या रक्तात तोंडातले स्ट्रेप्टोकॉकस सापडले. हिरड्या जितक्या खराब तितकं प्रमाण जास्त. म्हणजे जंतू तोंडातून रक्तात जातात ही कल्पना नाही, ते नळीत वाढवून दाखवलेलं आहे. तुमच्या-माझ्या रक्तात गेले तर मिनिटांत त्यांचा निकाल लागतो. पण हृदयाची झडप खडबडीत असेल तर ते तिथे चिकटतात, वस्ती करतात आणि झडप कुरतडतात. विल्यम ऑस्लरने १८८५ मध्ये लंडनला ज्या रोगावर व्याख्यानं दिली तो हाच, एंडोकार्डायटिस. ऑस्ट्रियन संगीतकार गुस्टाफ मालरचं असंच झालं. झडप आधीपासून बिघडलेली होती. १९११ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कमध्ये ताप आला, रक्तात स्ट्रेप्टोकॉकस सापडले, आणि मे महिन्यात व्हिएन्नात तो गेला. पेनिसिलीन येण्याआधी या दुखण्यातून उठणारा माणूस विरळाच.

आईच्या हृदयात एक कृत्रिम झडप बसणार होती. अशा परक्या वस्तूवर जंतूंनी मुक्काम ठोकला तर त्यांना हुसकणं फार अवघड. शिवाय ऑपरेशननंतर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू होणार, म्हणजे दाढ काढणंही त्रासाचं. पू झालेल्या दाढा आधी काढायच्या त्या यासाठी. झडप बरी व्हावी म्हणून नाही, नवीन झडप नासू नये म्हणून. सत्तावीस नाहीत, दोनच. ज्यांच्या मुळाशी पू एक्सरेत दिसत होता त्या.

यातली सगळी धूळ अजून खाली बसलेली नाही, हेही सांगते. पूर्वी झडपेचा जरा काही दोष असला तरी डेंटिस्टकडे जाण्याआधी अँटिबायोटिक द्यायचे. २००७ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने ते कृत्रिम झडपेसारख्या मोजक्या धोक्याच्या रुग्णांपुरतं मर्यादित केलं. कारण मजेदार आहे. रोज चावताना आणि ब्रश करताना जंतू थोडेथोडे रक्तात जातच असतात, आणि वर्षभराची बेरीज केली तर ती एका दाढेपेक्षा कितीतरी जास्त भरते. म्हणजे गोळीपेक्षा रोजच्या हिरड्या महत्त्वाच्या. डेन्मार्कच्या आर्हुस शहरात १९६५ मध्ये हेराल्ड लो याने बारा निरोगी माणसांना दात घासणं बंद करायला सांगितलं होतं. दोन-तीन आठवड्यांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर आठवडाभरात बऱ्या झाल्या. मिठाने दात घासणारा लेवेनहुक उगाच फुशारकी मारत नव्हता.

गेल्या तीसेक वर्षांत तर ती जुनी कल्पना नवे कपडे घालून परत आली आहे. १९८९ मध्ये फिनलंडमधल्या डॉक्टरांना हार्ट ॲटॅक आलेल्यांचे दात इतरांपेक्षा वाईट आढळले. त्यानंतर मधुमेह, अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं, आतड्याचा कॅन्सर, अल्झायमर, एकेकाशी तोंडातल्या जंतूंचं नाव जोडलं गेलं. यातलं काही टिकलंय. हिरड्यांवर उपचार केले तर मधुमेह्यांची साखर थोडी खाली येते, हे बऱ्याच चाचण्यांत दिसलंय. काही टिकलेलं नाही. गरोदर बायकांच्या हिरड्यांवर उपचार करून मुदतपूर्व प्रसूती कमी होत नाहीत, हे अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत २००६ मध्ये दिसलं. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत हिरड्यांच्या रोगातला एक जंतू सापडल्याचं २०१९ मध्ये गाजलं, पण त्याच्यावरचं औषध २०२१ च्या चाचणीत नापास झालं. हल्लीचे लोक निदान मोजतात तरी. कॉटनचे आणि यांचे शब्द कधीकधी एकसारखे वाटतात, पण हा फरक मोठा आहे.

आणि सगळेच जंतू काही आपल्या वाईटावर नसतात. जिभेच्या मागच्या भागातले काही जंतू पालेभाज्यांतलं, बीटमधलं नायट्रेट घेऊन त्याचं नायट्राइट करतात, आणि त्यातून पुढे जे तयार होतं त्याने रक्तवाहिन्या सैलावतात. जंतुनाशक माउथवॉशने रोज गुळण्या केल्या तर ते जंतू मरतात आणि रक्तदाब किंचित वर जातो, असं एका छोट्या प्रयोगात दिसलंय. आमच्या घरातली निळी बाटली मी त्यानंतर पुन्हा आणली नाही.

आता जी गोष्ट आईला सांगावी की नाही असं वाटत होतं ती. अल्झायमरमध्ये नाव आलेला तोच जंतू, पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस. त्याच्याकडे एक असं एन्झाइम असतं की ते आपल्या शरीरातल्या प्रथिनांत एक बारीकसा बदल करतं. आणि ज्या संधिवातात बोटं वाकडी होतात, त्यात शरीर नेमक्या तशाच बदललेल्या प्रथिनांवर हल्ला चढवत असतं. हिरड्यांचा रोग आणि हा संधिवात एकत्र आढळतात हेही खरं. म्हणजे साताऱ्याचे ते डॉक्टर अगदीच अंधारात चाचपडत नव्हते. तोंडाचा आणि सांध्यांचा काहीतरी संबंध असेलही. पण संबंध आहे एवढ्यावरून दात काढले की सांधे बरे होतात हे निघत नाही, आणि आजीचे चांगले दात काढल्यानंतर तर मुळीच निघत नाही.

आईला सांगितलं. ती गॅसपाशी उभी होती, दूध तापत होतं.

"म्हणजे त्यांना थोडं कळलं होतं."

"थोडं."

"थोडं कळलं होतं तर थोडे काढायचे."

यावर मी काय बोलणार?

दोन दिवसांनी तिने स्वतःच डेंटिस्टला फोन लावला. जाताना म्हणाली, त्या मुलीला विचार, दोनच ना. तिथे गेल्यावर आपणही विचारलं, "दोनच ना गं?" त्या मुलीने एक्सरे उजेडासमोर धरून मुळाशी असलेला काळा डाग तिला दाखवला, मग शेजारच्या चांगल्या दाढेचं मूळ दाखवलं, आणि म्हणाली, "काकू, हिला मी हातसुद्धा लावणार नाही." तासभर आधी अँटिबायोटिक घ्यायला लावलंच होतं. काढलेल्या दाढा आईने मागून घेतल्या, कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवल्या. पुढे त्यांचं काय केलं ते विचारलं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी पहाटे सिस्टर फॉर्म घेऊन आली. नाव, वय, ॲलर्जी, अंगावर दागिने. ओटीत नेण्याआधी विचारायचे ते सगळे प्रश्न.

"मावशी, कवळी आहे का? असेल तर काढून ठेवावी लागेल."

आईने तोंड उघडून दाखवलं.

"कवळी नाही. आहेत ते सगळे माझेच आहेत."

सिस्टरने फॉर्मवर 'नाही'पुढे खूण केली आणि पुढचा प्रश्न विचारला.